कोलंबियाचा विद्यार्थी भीमराव

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या वस्त्यावस्त्यांतून सांगितले जाते ते बहुधा महाडच्या सत्याग्रहापासून. त्याआधीची हकीकत एका वाक्यात आटोपली जाते. भीमराव अमेरिकेला गेले, मोठमोठ्या पदव्या मिळवून परत आले, एवढेच. त्या पदव्यांची नावेही आपण मोठ्या अभिमानाने घेतो. पण त्या कशाच्या अभ्यासासाठी मिळाल्या, हा तरुण तिथे नेमके काय वाचत होता आणि अर्थशास्त्र शिकायला गेलेला विद्यार्थी जातीच्या इतिहासाकडे कसा वळला, हे मात्र कोणी विचारत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे असेल कदाचित, मला बाबासाहेबांच्या आयुष्यातला हाच भाग वारंवार वाचावासा वाटतो. तो आपल्या धम्मबांधवांपुढे, विशेषतः ज्या घरांत नुकतीच धम्मदीक्षा झाली आहे त्यांच्यापुढे, ठेवावा म्हणून हा लेख.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते, कबीरपंथी होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. आई भीमाबाई लवकर गेल्या. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, शिपाई नसेल तर पाणी नाही. १९०१ साली वडिलांना भेटायला भावंडे मसूर स्टेशनवर उतरली आणि कोणी बैलगाडी देईना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी, त्याने बाजूने पायी चालावे. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या मनात त्या रात्री जो प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर शोधायला त्याला पुढे पंधरा वर्षे आणि सातासमुद्रांपलीकडचे ग्रंथालय लागले.

मुंबईत आल्यावर परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारा संसार. त्याच खोलीत सरपण, त्याच खोलीत अभ्यास. रामजीबाबा पहाटे दोनला मुलाला उठवीत. भीमरावांना पुस्तकांचे वेड, आणि पैसे तर नसत. मग रामजीबाबा लेकीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की सोडवून देत. आपल्या आयाबहिणींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. बाबासाहेबांच्या विद्वत्तेच्या पायात त्यांच्या बहिणीचे दागिने आहेत, आणि त्या बहिणीचे नाव कोणत्याही पदवीवर नाही.

एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य मुलाला देवभाषा कोण शिकवणार? फारशी घ्यावी लागली. ही गोष्ट वरवर लहान दिसते. पण भारताचा प्राचीन इतिहास ज्या भाषेत लिहिला आहे, त्या भाषेचे दारच बंद केले म्हणजे त्या माणसाने आपला इतिहास कधी वाचूच नये अशी व्यवस्था झाली. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत आत्मसात केले आणि ज्या ग्रंथांपासून त्यांना दूर ठेवले होते तेच ग्रंथ उलगडून दाखवले.

१९०७ च्या मॅट्रिक परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या मुलांना हे गुण थोडे वाटतील. पण त्या काळी अस्पृश्याने मॅट्रिक होणे ही एवढी मोठी घटना होती की सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. दीक्षाभूमीवरचा १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस त्या पुस्तकानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी आला. केळुसकर गुरुजी एवढेच करून थांबले नाहीत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांनीच शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्यावर भीमराव १९१२ साली बी.ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारीला, रामजीबाबा वारले.

बडोदा संस्थानाने काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायचे ठरवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची असा करार ४ जून १९१३ रोजी झाला आणि जुलैमध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात नाव घातले. प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना नावाचे पारशी मित्र सोबतीला होते. ही मैत्री जन्मभर टिकली.

आता विचार करा. ज्या मुलाला शाळेच्या नळाला हात लावायची बंदी, तो एका अशा शहरात आला की जिथे तो कोणत्याही टेबलाशी बसून जेवू शकत होता, हव्या त्या घड्याने पाणी पिऊ शकत होता. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. पहिले काही महिने जरा मजेतही गेले म्हणतात. मग मात्र त्यांनी स्वतःला अभ्यासाला जुंपून घेतले. ग्रंथालय उघडण्याआधी दारात हजर आणि बंद झाल्यावर शेवटी बाहेर. पोटाला चिमटा काढून पुस्तके घ्यायची. त्याच दिवसांत लाला लजपतराय न्यूयॉर्कला आले होते. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला राजकीय चळवळीत ओढून पाहिले. भीमराव गेले नाहीत. शिकायला आलो आहे, आधी शिकणार, असा त्यांचा बाणा होता.

त्यांचे विषय पाहण्यासारखे आहेत. मुख्य विषय अर्थशास्त्र, त्याचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. त्याखालोखाल इतिहास, ११. समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषा. पदवीला एवढ्याची काही गरज नव्हती. भुकेल्या माणसाला पंगतीत बसवावे तसा हा विद्यार्थी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊन बसत होता. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई, समाजशास्त्राला गिडिंग्ज, इतिहासाला जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि शॉटवेल असे गुरू लाभले. यांतले रॉबिन्सन हे त्या काळी नव्या इतिहासाचे पुरस्कर्ते म्हणून गाजत होते. इतिहास म्हणजे राजांच्या लढाया आणि तहांची जंत्री नव्हे, सामान्य माणसे कशी जगली, काय मानत होती, कोणत्या कल्पनांनी बांधली गेली होती याचा शोध म्हणजे इतिहास, आणि तो आजचे प्रश्न सोडवायला उपयोगी पडला पाहिजे, असे ते शिकवीत. साताऱ्याच्या गोणपाटावर बसलेल्या विद्यार्थ्याला हे शिक्षण किती जवळचे वाटले असेल!

पण अमेरिका म्हणजे काही स्वर्ग नव्हता. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम नावाचा भाग आहे. नेमक्या त्याच वर्षांत तिथे काळ्या अमेरिकन लोकांची वस्ती वाढत होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्यांचे हे वंशज. तेव्हा त्यांना निग्रो म्हणत. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली होती. आपल्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले ते अमेरिकेतील याच सत्कृत्याची आठवण ठेवून तिथल्या लोकांना अर्पण केले. परंतु पुढे काय झाले ते जोतीरावांना दिसायचे होते. काळ्यांना समान नागरिक करण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने १८६६ साली आणि पुन्हा १८७५ साली नागरी हक्कांचे कायदे केले. दुसऱ्या कायद्याप्रमाणे खानावळी, वाहने, नाटकगृहे सर्वांना खुली झाली. १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कलमेच रद्द केली. १८९६ साली त्याच न्यायालयाने ठरवले की वेगळे ठेवले तरी चालेल, सोयी सारख्या असल्या म्हणजे झाले. सोयी सारख्या कधीच नव्हत्या. दक्षिणेकडच्या राज्यांत आगगाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. भीमराव न्यूयॉर्कला गेले तेव्हा ही स्थिती होती.

आणखी एक गोष्ट अशी की, याच कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे इतिहासाचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी असा इतिहास रूढ केला की यादवी युद्धानंतर काळ्यांना मताचा अधिकार दिला हीच चूक झाली, कारण ते राज्यकारभाराला लायक नव्हते. शाळाशाळांतून हाच इतिहास पुढे कित्येक वर्षे शिकवला गेला. म्हणजे मालकाने गुलामाचा इतिहास लिहायचा आणि गुलामाच्या मुलाने तो पाठ करून परीक्षा द्यायची! आपल्याकडे पुराणांनी जे केले तेच तिकडे विद्यापीठाने केले. परंतु त्याच विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्रमुख फ्रांझ बोआस हे होते. वंशावरून बुद्धीची आणि संस्कृतीची उच्चनीचता ठरत नाही, हे ते शास्त्रीय पुराव्याने मांडत होते. भीमरावांनी मानववंशशास्त्र ज्यांच्यापाशी शिकले ते अलेक्झांडर गोल्डनवायझर हे बोआस यांचेच शिष्य.

याच गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी भीमरावांनी एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. वय पंचवीस. अर्थशास्त्राच्या पदवीला या निबंधाची गरज नव्हती. एम.ए. साठी त्यांनी १९१५ साली प्राचीन भारताचा व्यापार, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा अर्थव्यवहार यांवर परिश्रम केलेच होते. पण त्या दिवशी परदेशी प्राध्यापकांसमोर उभे राहून त्यांनी मसूरच्या बैलगाडीतल्या प्रश्नाला हात घातला.

तो निबंध काय सांगतो? त्या काळी सर हर्बर्ट रिस्ले यांच्यासारखे साहेब नाकांची मापे घेऊन सांगत की जात ही वंशावरून झाली. भीमरावांनी हे नाकारले. भारतातले सारे लोक मिश्रवंशीच आहेत आणि तरीही या देशाला एक सांस्कृतिक ऐक्य आहे, मग त्या एका समाजाचे तुकडे पडले कसे, असा त्यांनी प्रश्न केला. नेसफील्ड धंदा सांगत होते, सेनार विटाळ आणि पंगत सांगत होते. श्रीधर व्यंकटेश केतकर हे महाराष्ट्रीय विद्वान अमेरिकेतच शिकून जातीच्या इतिहासावर पुस्तक लिहून गेले होते. त्यांचे म्हणणे भीमरावांना त्यातल्या त्यात जवळचे वाटले, तरी अपुरे वाटले. त्यांनी बोट ठेवले ते एकाच गोष्टीवर. जातीतल्या जातीत लग्न. बाकी सारे त्यातून निघते. लग्नाचे कुंपण घातले की जात तयार झाली.

आणि ते कुंपण टिकवायला काय लागते ते या तरुण अभ्यासकाने हिशेब मांडावा तसे मांडून दाखवले. जातीत बायका आणि पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई शिल्लक राहते, ती बाहेर लग्न करील तर कुंपण मोडते. म्हणून तिला सती जायला लावा, नाही तर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की पुरुष शिल्लक राहतो, पण पुरुषाला कोण जाळणार? त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली कोवळी मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचे मूळ त्यांनी असे जातीत दाखवले. पुराणिक सांगत की या रूढी पातिव्रत्याच्या महिमेसाठी आहेत. भीमरावांचे म्हणणे की रूढी आधी आल्या, महिमा मागाहून गायला गेला. पुरोहित वर्गाने प्रथम स्वतःभोवती दार लावून घेतले, बाकीच्यांनी काही अंशी अनुकरणाने लावले आणि काहींच्या तोंडावर ते लागलेच. मनू नावाच्या एका माणसाने जाती निर्माण केल्या हेही त्यांना पटले नाही. असलेल्या जातींना मनूने शास्त्राचा आधार दिला, एवढे त्याचे काम. पुढे १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळणाऱ्या बाबासाहेबांनी तरुणपणी मनूचा विचार किती थंड डोक्याने केला होता, हे पाहण्यासारखे आहे.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. आमच्या मानपाड्याकडे काय किंवा कल्याण-डोंबिवलीकडे काय, धम्मदीक्षा घेतलेली घरे वाढली, घरोघर वंदना होते, भिंतीवर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. पण सोयरीक जुळवायची वेळ आली की बैठकीत हळूच विचारले जाते, तुम्ही आधी कोणातले? बाबासाहेबांनी पंचविसाव्या वर्षी सांगितले की जात स्वयंपाकघरात नाही, देवळातही नाही, ती लग्नाच्या बोलणीत आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने पोटजात विचारावी, मग बोहल्याला मंगल परिणय म्हटल्याने काय फरक पडला? कुणाला राग येईल. पण नव्याने आलेल्या कुटुंबांना हे आधीच सांगितलेले बरे.

हा निबंध १९१७ च्या मे महिन्यात 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. त्याच सुमारास त्या तरुण लेखकाची शिष्यवृत्ती संपत आली होती. १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले होते, तिथला अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली करारानुसार बडोद्याला यावे लागले. महायुद्ध चालू होते. पुस्तकांच्या पेट्या ज्या बोटीवर होत्या ती जर्मन पाणबुडीने बुडवली. वर्षानुवर्षे उपाशी राहून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

आणि बडोद्यात काय झाले? महाराजांच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर नेमणूक, पण शिपाई फायली लांबून टेबलावर फेकीत. प्यायला पाणी नाही. गावात राहायला कोणी जागा देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. दोन मित्रांकडे विचारून पाहिले, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनाही अडचण. कोलंबियाचा एम.ए. कामाठी बागेत झाडाखाली बसून रडला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. अमेरिकेत जी जाणीव पुसली गेली होती ती एका दिवसात परत आली. फरक एवढाच की आता तिला अभ्यासाची धार आली होती. जे आपल्यावर गुदरले ते दैव नव्हे, देवाची इच्छाही नव्हे, माणसांनी ठराविक काळात उभी केलेली यंत्रणा आहे, हे त्यांना माहीत होते. आणि माणसांनी उभी केलेली यंत्रणा माणसांना मोडता येते.

यानंतरचा इतिहास आपणास ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची मागणी, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', त्याला राजर्षी शाहू महाराजांची मदत. पुन्हा लंडन, १९२३ साली डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पदरात. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा.

महाडचे मात्र एक अंग सहसा सांगितले जात नाही. बोले यांच्या १९२३ च्या ठरावामुळे सरकारी खर्चाची पाणवठ्यासारखी स्थळे अस्पृश्यांना खुली झाली होती आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. १९२७ च्या मार्चमध्ये १९-२० तारखांना परिषद भरली आणि बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. सवर्णांनी मग दिवाणी दावा लावला की हे तळे अनादिकालापासून स्पृश्यांच्याच वहिवाटीचे आहे. हा दावा दहा वर्षे चालला. महाडला निकाल आपल्या बाजूने लागला, अपील १९३३ मध्ये आपल्या ठाण्याच्या न्यायालयात फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही सवर्णांचे म्हणणे नाकारले. मुद्दा इतिहासाचाच होता. अनादिकाल म्हणजे केव्हापासून? पुरावा काय? कागद दाखवा. कागद दाखवता आला नाही. कोलंबियात शिकलेली पुराव्याची शिस्त अशी कोर्टात कामी आली. काठीने अडवलेले पाणी दस्तऐवजाने मोकळे झाले.

दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, तो जोतीरावांना अर्पण. १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ निघाला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना अर्पण. या दुसऱ्या ग्रंथात अस्पृश्यतेचा संबंध बौद्ध धम्माच्या पाडावाशी त्यांनी जोडला. आपण आज ज्या धम्मात परत आलो असे म्हणतो, त्या म्हणण्यामागे हे संशोधन आहे.

अमेरिकेतल्या काळ्यांचा अभ्यास त्यांनी मधल्या काळात सोडला नव्हता. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे काळ्या समाजातले थोर इतिहासकार. १८६८ चा जन्म, १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे पहिले काळे गृहस्थ. गुलामांच्या व्यापाराचा इतिहास लिहून त्यांनी सुरुवात केली, १९०९ साली काळ्यांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि तिचे मासिक न्यूयॉर्कमधून चालवले. भीमराव कोलंबियात होते तेव्हा डुबॉइस त्याच शहरात ते मासिक काढीत होते. डनिंग यांच्या खोट्या इतिहासाला १९३५ साली ग्रंथ लिहून सडेतोड उत्तर दिले तेही डुबॉइस यांनीच. १९४६ साली अमेरिकेतील काळ्यांच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपली गाऱ्हाणी मांडली. ते वृत्त वाचून बाबासाहेबांनी डुबॉइस यांना पत्र लिहिले, आपण त्यांच्या समाजाच्या प्रश्नाचे विद्यार्थी आहोत, अस्पृश्यांची स्थितीही तशीच आहे असे कळवले आणि त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ३१ जुलै १९४६ रोजी डुबॉइस यांचे उत्तर निघाले. भारतातील अस्पृश्यांबद्दल त्यांना पूर्ण सहानुभूती होती. ही दोन पत्रे लहान आहेत. पण सातासमुद्रांच्या दोन टोकांना असलेले दोन इतिहासकार एकमेकांकडे कागदपत्र मागतात, हे मला फार मोठे वाटते.

त्या अभ्यासाचा उपयोग लगेच दिसला. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. विहिरी, तळी, रस्ते, खानावळी, शाळा या ठिकाणी कोणालाही मज्जाव करणे हा गुन्हा ठरावा, असे कलम त्यात घातले आणि ते कोठून घेतले तेही प्रामाणिकपणे नमूद केले. अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांतून! जे कलम अमेरिकेत न्यायालयाने मारले ते बाबासाहेबांनी उचलून इकडे आणले. सामाजिक बहिष्काराचे कलम त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतले. गावाने वाण्याचे दुकान बंद करावे, मजुरी बंद करावी, दळण बंद करावे, हा मार किती वर्मी बसतो हे त्यांनी १९२८ ते १९३० या काळात स्टार्ट समितीवर असताना गावोगाव फिरून पाहिले होते.

भारताच्या राज्यघटनेत पुढे अनुच्छेद १५ आणि १७ आले. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांची यादी १५ मध्ये वाचा, म्हणजे तिच्यात मसूर दिसेल, बडोदा दिसेल, महाड दिसेल. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

घटनेतले शब्द अमलात आणायला कायदा लागतो. तो आणायला सरकारला चार वर्षांहून अधिक काळ लागला. १९५४ च्या सप्टेंबरमध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचे विधेयक राज्यसभेत आले तेव्हा बाबासाहेब मंत्री नव्हते, प्रकृती ढासळली होती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवून १८९६ चा आपला निर्णय फिरवला होता. राज्यसभेत बाबासाहेब बोलायला उभे राहिले आणि प्रथम त्यांनी विधेयकाच्या नावालाच हरकत घेतली. नुसते अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा म्हटले की वाटते, कोणी कोणाला शिवले नाही एवढ्यापुरते हे आहे. प्रश्न शिवण्याचा नाही, हक्कांचा आहे. म्हणून कायद्याच्या नावातच अस्पृश्यांच्या नागरी हक्कांचे संरक्षण हे शब्द असावेत, असे त्यांनी सुचवले. सुचवणी मानली गेली नाही. कायदा १९५५ साली जुन्याच नावाने झाला आणि ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

पुढे त्या कायद्यातल्या पळवाटा सरकारच्याच लक्षात आल्या. १९७६ साली तो दुरुस्त करण्यात आला, शिक्षा वाढवल्या, आणि त्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे ठेवण्यात आले.